हाकोनेचा घाट आणि जुनी एफडी

पहिला दिवस : शुक्रवार, कावासाकी

सकाळी हानेदाला उतरलो, हॉटेलात सामान टाकले आणि सर्वांत आधी गेलो ते माझ्या जुन्या पार्किंगच्या जागेकडे. जपानमध्ये मोटार स्वतःच्या नावावर करायची, तर ती ठेवायला घरापासून २ किलोमीटरच्या आत हक्काची जागा आहे असा दाखला आधी पोलीस ठाण्यातून काढावा लागतो. त्याला ‘शाको शोमेई’ म्हणतात. आमच्या इमारतीत जागा नव्हती, म्हणून आठ मिनिटांच्या अंतरावरच्या एका डांबरी आवारात मी महिन्याच्या भाड्याने ७ क्रमांकाचा चौकोन घेतला होता. सहा वर्षे माझी मरून रंगाची माझदा आरएक्स-७ तिथे उभी असे. आज त्या चौकोनात पिवळ्या नंबरपाटीची एक छोटी केई मोटार होती. आकडा नव्याने रंगवलेला होता, पण मागच्या चाकांच्या अडणीपासून निघून कुंपणापर्यंत गेलेली डांबरातली भेग तीच होती. रात्री परतल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वीचा एक मिनिट मी आरशातून त्या भेगेकडे पाहत काढत असे, त्यामुळे तिचे वळण माझ्या डोळ्यांत पक्के बसले आहे.

मी ती गाडी ऑक्टोबर २००२ मध्ये घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्यामुळे, जपानच्या वेगवान मोटारींची एक पिढीच्या पिढी उत्पादनातून गेली होती. निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि सिल्व्हिया, टोयोटाची सुप्रा आणि माझदाची आरएक्स-७ या सगळ्या एकाच उन्हाळ्यात संपल्या. आता नाही घेतली तर पुढे मिळायची नाही, असे वाटून मी साठवलेले १६ लाख येन एका सहा वर्षे वापरलेल्या गाडीवर घातले. जानेवारी १९९६ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीतली ती, २६५ पीएसची, म्हणजे जवळपास तितक्याच अश्वशक्तीची. एफडी३एस हा तिचा सांकेतिक क्रमांक. बाळगणारे सगळे नुसते ‘एफडी’ म्हणतात.

त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक चूक केली, आणि ती गाडी काय आहे हे मला त्या चुकीने शिकवले. शेजारच्या आवारात माल उतरवायला ट्रक आला होता, म्हणून मी थंड इंजिन सुरू केले, गाडी तिच्याच लांबीएवढी पुढे घेतली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या सकाळी ती सुरूच होईना. तिचे इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारे; ते थंड असताना त्यात जास्तीचे पेट्रोल सोडले जाते, आणि ते जळायच्या आत इंजिन बंद केले तर प्लग भिजतात, रोटरच्या टोकाच्या पट्ट्यांवरचा तेलाचा पापुद्रा धुऊन निघतो आणि दाब धरला जात नाही. सागामिहाराच्या ज्या लहानशा गॅरेजमध्ये मी गाडी नेत असे, त्याचे मालक स्वतः आले. त्यांनी फ्यूज काढून इंधन तोडले, चारही प्लग काढून इंजिन कोरडे फिरवले, प्लग पुसून परत बसवले आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, “हिला उठवलेत, तर पाणी तापेपर्यंत तिच्याजवळ थांबा.” पुढची सहा वर्षे मी थांबलो.

दुसरा दिवस : शनिवार, ओदावारा ते हाकोने

जुन्या स्पोर्ट्स कार भाड्याने देणाऱ्या एका छोट्या संस्थेकडे मी दोन महिने आधीच एक एफडी राखून ठेवली होती. माझा जपानी परवाना केव्हाच संपलेला, त्यामुळे या वेळी सोबत आंतरराष्ट्रीय परवाना होता. गाडी १९९९ ची होती, पाचव्या आवृत्तीतली, पांढरी, २८० पीएसची.

आवारात ती दिसली तेव्हा मी थबकलो, याचे कारण तिचा आकार. सोळा वर्षांत मी ती फक्त छायाचित्रांत पाहिली होती, आणि छायाचित्रात तिची उंची कळत नाही. छत माझ्या छातीच्या जरा वर येते. तिच्या पत्र्यावर सरळ रेषा शोधून सापडत नाही. चाकांवरचा फुगवटा दारात उतरतो, दारावरून पुन्हा मागच्या चाकावर चढतो, आणि आकाशातले ढग त्या पत्र्यावरून न तुटता सरकत जातात. भाडेपत्रावर सही घेणारा तरुण दाराची कडी कुठे आहे ते दाखवायला पुढे झाला. एफडीची कडी दाराच्या मधोमध नसते, ती काचेच्या मागच्या टोकाला काळ्या खांबालगत लपवलेली आहे, आणि नवा माणूस हमखास चाचपडतो. त्याने बोट दाखवण्याआधीच माझी बोटे तिथे पोहोचली होती. तो हसून म्हणाला, “म्हणजे आपल्याकडे होती तर.” मी ‘होती’ एवढेच म्हणू शकलो.

तरीही त्याने सूचना सगळ्या दिल्या: पाणी तापेपर्यंत फेऱ्यांचा काटा ३,००० च्या वर नेऊ नका, थंड असताना बंद करू नका, घाट चढून आल्यावर एक मिनिट चालू ठेवून मगच बंद करा, हायओकु म्हणजे वरच्या दर्जाचेच पेट्रोल भरा. यातले प्रत्येक वाक्य मला ठाऊक होते, पण ते पुन्हा कोणीतरी मला सांगत होते याचा मला मनापासून आनंद झाला.

किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नेहमीच्या इंजिनापेक्षा थोडा जास्त वेळ फिरतो, आणि मग इंजिन एकदम उंच आवाजात धरते. त्या आवाजात पिस्टनचे ठोके नसतात. या इंजिनात पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट यांतले काहीच नाही. फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीच्या कोठीत, मधल्या दांड्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरत राहतात. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट होतो. थंडीत तो आवाज घोंघावणाऱ्या माशीसारखा अखंड असतो आणि तापत आला की खाली बसत बसत एक लयदार थरथर होऊन राहतो. ती थरथर आसनाच्या पाठीतून बरगड्यांना जाणवते. गाडीतून पेट्रोलचा आणि किंचित जळक्या तेलाचा वास येत होता, कारण हे इंजिन कोठीच्या भिंती ओल्या ठेवण्यासाठी थोडे तेल मुद्दाम जाळते. दर काही टाक्यांनंतर तेलाची पातळी पाहणे हा इथला रिवाज आहे.

ओदावाराच्या समुद्रकिनाऱ्यापासून दाइकान्झानपर्यंत चढणारा हाकोने टर्नपाइक हा टोलचा रस्ता सुमारे १४ किलोमीटरचा आहे, आणि या अंतरात तो जवळपास समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर जातो. घाटाला जपानी लोक ‘तोगे’ म्हणतात. पण आपल्या मनातल्या घाटाशी टर्नपाइकचे फारसे जुळत नाही. इथे नागमोडी आवळ वळणे कमी आणि लांब, उघडी, दुरून दिसणारी वळणे जास्त. उतरणाऱ्या बाजूला, ब्रेक निकामी झालेल्या वाहनांसाठी खडीचे उंच चढ बांधून ठेवले आहेत, त्यावरून उताराची कल्पना यावी.

पहिले तीन किलोमीटर मी हळू गेलो. पाणी तापले, तेल तापले, आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय खाली नेला. एफडीला दोन टर्बो आहेत आणि ते एकामागून एक कामाला लागतात: खालच्या फेऱ्यांवर पहिला एकटाच हवा दाबतो, ४,५०० च्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. त्या क्षणी एक पाऊल चुकल्यासारखा किंचितसा खळगा येतो, आणि लगेच मागून जोर वाढतो. हा खळगा किती खोल आहे यावरून गाडीची तब्येत कळते. माझ्या गाडीचा खळगा मी झोपेतही ओळखला असता. या पांढऱ्या गाडीचा त्याहून थोडा उथळ होता, म्हणजे तिची देखभाल चांगली होती. काटा ७,००० च्या पुढे गेला तरी इंजिन तक्रार करत नाही, धापा टाकत नाही. फिरणारी वस्तू आणखी जोरात फिरते इतकेच. कुठे थांबायचे ते चालवणाऱ्याने ठरवायचे असते.

मात्र मला जे आठवत राहिले होते ते या जोराहून वेगळे होते, आणि ते मला पाचव्या की सहाव्या वळणावर पुन्हा सापडले. इंजिन लहान आणि हलके आहे म्हणून ते पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे, बैठे बसवता आले. सगळी गाडी १,२७० किलोच्या आसपास आणि वजनाची वाटणी पुढे-मागे जवळपास निम्मी-निम्मी. त्यामुळे स्टिअरिंग फिरवायला सुरुवात केली की नाक वळण्याची वाट पाहावी लागत नाही. पण ती तितक्याच तत्परतेने तुमची चूकही उचलते. वळणाच्या मध्ये पाय झटक्याने उचलला, तर मागची चाके लगेच हलकी होतात. म्हणून हात, पाय आणि नजर यांत घाई चालत नाही. वळण येण्याआधी वेग उतरवायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे न्यायची, आणि पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवायचा. मर्यादेच्या आतल्या वेगातही हे सगळे करावे लागते, आणि ते नीट जमले की गाडी ते लगेच कळवते. एकाग्र होण्याचा जो आनंद त्या सहा वर्षांत दर रविवारी मला मिळाला, तो नंतर कुठल्याही वाहनात मिळाला नाही. आजची वाहने चालवणाऱ्याची चूक मुकाट्याने सावरून घेतात. त्यात सुरक्षितता मोठी आहे, हे मी मानतो. पण चूक झाली होती हे ती सांगत नाहीत.

दाइकान्झानला पोहोचलो तेव्हा फुजीचा माथा ढगात होता आणि खाली आशी सरोवर शिसवी रंगाचे दिसत होते. गाडी उभी करून मी एक मिनिट इंजिन चालू ठेवले. टर्बो लाल तापलेला असतो; एकदम बंद केले तर त्यातले तेल वाहायचे थांबते आणि जळून चिकटते. किल्ली काढल्यावरही इंजिन थंड होईपर्यंत काम करून देणारे ‘टर्बो टायमर’ नावाचे छोटे यंत्र त्या काळी घरोघरच्या गाड्यांत बसवलेले असे. मी कधी बसवले नाही. तो मिनिट मला हवा असे.

संध्याकाळी आशिनोको स्कायलाइन या रस्त्यावरून सरोवराच्या पश्चिमेचा डोंगर एकदा ओलांडून परत आलो. मुक्काम मोतोहाकोनेला. रात्री दोनदा खिडकीतून गाडी पाहिली.

तिसरा दिवस : रविवार, दाइकोकू

पहाटे साडेपाचला निघालो. अंधार होता, म्हणून बटण दाबले आणि बॉनेटमधून दोन्ही दिवे ‘खट्’ करून वर आले. झोपलेले डोळे उघडावेत तसे वर येणारे हे दिवे आता कोणत्याच नव्या मोटारीला नसतात. आसनावरून पाहताना ते दोन उंचवटे काचेच्या खालच्या कडेला दिसतात, आणि गाडीची रुंदी त्यांच्यामुळेच कळते.

टर्नपाइक उतरताना एक गोष्ट नव्याने ध्यानात घ्यावी लागली: रोटरीचा इंजिन-ब्रेक दुबळा असतो. दुसऱ्या गिअरमध्ये टाकले तरी गाडी सरकत राहते, त्यामुळे उतारावर ब्रेक आधी, थोडे आणि सरळ रस्त्यावर लावून घ्यावे लागतात. ओदावारा-आत्सुगी रस्त्यावर ७० ची मर्यादा काटेकोर पाळली. तिथे साध्या मोटारीच्या वेषातले पोलीस असतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ होते. मग तोमेई, योकोहामा-माचिदा, होदोगाया बायपास, आणि शेवटी खाली बंदर पसरलेले असताना योकोहामा बे ब्रिज.

बे ब्रिज उतरताच गोल फिरत जाणाऱ्या उतारांच्या विळख्यात दाइकोकूचे विश्रांतीस्थळ आहे. रस्त्याने येणाऱ्या ट्रकचालकांनी हातपाय मोकळे करावेत म्हणून ते बांधले. रविवारच्या सकाळी मात्र इथे मोटारीवर जीव असलेली माणसे जमतात. कोणी बोलावत नाही, कोणी व्यासपीठावर चढत नाही. माणसे बॉनेट उघडून उभी राहतात. गोंगाट वाढला की पोलीस जागा रिकामी करवतात, आणि तेही मला योग्यच वाटते, कारण ज्याला इंजिनाची काळजी आहे तो उभ्या गाडीचे इंजिन रेटत नाही.

माझ्या शेजारी एक राखाडी आर३२ स्कायलाइन जीटी-आर होती. जपानच्या ग्रुप ए शर्यतींत १९९० ते १९९३ या चार हंगामांत ती २९ शर्यती धावली आणि २९ जिंकली. कागदावर मात्र तीही २८०, सुप्राही २८०, कारण १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसात एक मर्यादा पाळली होती की घरच्या बाजारातल्या गाडीची शक्ती २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. २००४ मध्ये होंडाने ३०० पीएसची लेजंड आणली तेव्हा ती मर्यादा संपली. आर३२ चे मालक सत्तरीच्या घरातले गृहस्थ होते, गाडी त्यांनी नवी घेतलेली. त्यांनी सांगितले की दर महिन्याला कोणीतरी गाडी विकता का म्हणून विचारायला येते. अमेरिकेत २५ वर्षांवरची मोटार आयातीच्या बऱ्याच अटींतून सुटते, त्यामुळे २०१४ पासून आर३२ आणि २०१६ च्या अखेरीपासून आमच्या पहिल्यावहिल्या एफडी बोटीत चढू लागल्या, आणि इथल्या किमती कित्येक पटींनी वाढल्या. “माझ्यामागे मुलगा ती विकेल,” ते शांतपणे म्हणाले, “पण तोपर्यंत दर रविवारी ती पूल ओलांडेल.”

दुपारी बाराला ओदावारात गाडी परत केली. शेवटचा मिनिट मोजूनच किल्ली काढली.

चौथा दिवस : सोमवार, हिरोशिमा

माझदाचे संग्रहालय कारखान्याच्या आवारातच आहे. मुकाइनादा स्थानकावर उतरायचे, मुख्य कार्यालयात नाव नोंदवायचे, मग त्यांची बस आत नेते. नाव आधी नोंदवलेले असावे लागते. इथे मी इतका काळ जिच्याबद्दल नुसता ऐकत आलो होतो ती वस्तू पाहायला आलो होतो: नारिंगी-हिरवी, ५५ क्रमांकाची ७८७बी. जून १९९१ मध्ये ल मॅन्सची २४ तासांची शर्यत हिने ३६२ फेऱ्या करून जिंकली. तोपर्यंत तिथे कोणत्याही जपानी कंपनीची गाडी पहिली आली नव्हती. तिचे चालक फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बेर्ट्रां गाशो. शेवटची पाळी ओढून नेणारे हर्बर्ट उष्म्याने इतके गळाले की बक्षीस घ्यायला मंचावर उभे राहू शकले नाहीत. तिच्या इंजिनात चार रोटर आहेत आणि प्रत्येकाच्या कोठीचे माप ६५४ सीसी, म्हणजे माझ्या गाडीतल्या कोठीएवढेच. कावासाकीच्या डांबरी चौकोनात माझ्याजवळ त्यातले निम्मे उभे होते, हा विचार मला तिथे उभ्याउभ्या आला आणि मी बराच वेळ हललो नाही.

पण त्याहून जास्त वेळ मी थांबलो तो १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपाशी. जर्मनीच्या एनएसयूकडून या इंजिनाचा परवाना घेतला तेव्हा नमुन्याची इंजिने लवकरच बिघडत होती. रोटरच्या टोकाला बसवलेली पट्टी थरथरत कोठीच्या भिंतीवर ओरखडे काढी. अभियंत्यांनी त्या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ जणांनी पट्टीसाठी एकामागून एक द्रव्ये तपासली, आणि अखेर कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवलेली पट्टी टिकली. गाडी विकत घेणाऱ्याला या पट्ट्या कधी दिसत नाहीत, पण रोटरी बाळगणारा प्रत्येक जण रोज सकाळी त्यांचीच काळजी करतो. मीही करत असे, यामामोतोंचे नावही तेव्हा ठाऊक नसताना.

कंपनीने २०१२ मध्ये आरएक्स-८ थांबवली आणि २०२३ मध्ये एमएक्स-३० मध्ये एकच रोटर परत आणला. तो चाके फिरवत नाही, फक्त वीज तयार करतो. इंजिन जिवंत राहिले याचे मला समाधान आहे. तरी त्या आवाजाला पायाने बोलावता येत नाही, हे मला राहून राहून लागते.

पाचवा दिवस : मंगळवार, सागामिहारा

आदल्या रात्री शिन-योकोहामाला येऊन राहिलो होतो. सकाळी योकोहामा लाइनने सागामिहारा, आणि तिथून चालत गॅरेज.

मालकांना मी पूर्वीपासून ‘शाचो’ म्हणत असे, म्हणजे धनी. ते आता थकले आहेत, पण निळा डगला आणि खिशातला दाबमापकाचा कागद तसाच. “आलात? आधी चहा घ्या,” असे म्हणून त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. माझ्या गाडीचे पान त्यांनी खूण घालून ठेवले होते.

रोटरीची तब्येत दाबावरून कळते. प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचे तीन आकडे येतात, दोन रोटरांचे सहा. ८ च्या वर असले की गडी निर्धास्त. मी २००८ मध्ये देश सोडताना गाडी विकली त्या दिवशीचे आकडे माझ्या समोर लिहिलेले होते: ८.१, ८.०, ८.२, ७.९, ८.०, ७.८. त्याच्या खाली माझ्यानंतरचे आयुष्य होते. दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ची तपासणी. २०१३ मध्ये आकडे ७ च्या खाली, त्यापुढे लाल शाईत ‘इंजिन उघडले’, आणि महिन्याभराने सहाही आकडे ८.५ च्या वर. मे महिन्यात येणाऱ्या मोटार कराचीही आठवण निघाली. रोटरीचे माप दीडपट धरतात, त्यामुळे १,३०८ सीसीच्या गाडीला मी २,००० सीसीच्या गटाचा ३९,५०० येन कर भरत असे. गाडीला १३ वर्षे झाल्यावर नव्या मालकाने त्याहून जास्त भरला होता, तरी सोडली नव्हती. शेवटची नोंद २०१९ ची. मालक निइगाताला गेले, आणि शाचोंनी समासात लिहिले होते: ‘हिवाळ्यात बाहेर काढत नाहीत.’ तिथे बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाने पत्रा खाल्ला जातो. म्हणजे माझी गाडी या क्षणी कुठेतरी छपराखाली, कोरडी असणार.

मागच्या बाजूला एक निळी एफडी तपासणीसाठी उभी होती. शाचो म्हणाले, “आत बसा. पाय पूर्ण दाबून धरा आणि मी सांगेपर्यंत किल्ली सोडू नका.” मी बसलो. त्यांनी एका रोटरचा प्लग काढून दाबमापक बसवला, फ्यूज काढला, हात वर केला. इंजिन पेट न घेता फिरू लागले, आणि उघड्या प्लगच्या भोकातून फुस्-फुस्-फुस् असे तीन सारखे सुस्कारे पुन्हा पुन्हा आले. तिन्ही सारखे ऐकू आले म्हणजे चांगले. आकडे पाहण्याआधीच आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या रोटरचेही तसेच. त्यांनी सहा आकडे वहीत उतरवले, प्लग परत बसवले, फ्यूज घातला, आणि मला सुरू करायला सांगितले.

दोनच्या गाडीने मला हानेदाकडे निघायचे होते, आणि घड्याळात पावणेदोन झाले होते. इंजिन थंड होते, काटा तळाशी होता. शाचोंनी खोकी ओढली, एक मला दिली, आणि आम्ही उघड्या बॉनेटसमोर बसून पाणी तापण्याची वाट पाहू लागलो.